भुईला भार

माणसाला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली की लोक त्याला ज्ञानेश्वरी भेट देतात. आता याच्या हातून दुसरे काही होणार नाही, तेव्हा बसून वाचावे, आणि वाचायचेच तर पुढच्या प्रवासाला उपयोगी पडेल असे वाचावे, हा त्यामागचा सद्हेतू. मला तीन ज्ञानेश्वऱ्या आल्या, दोन शाली आल्या आणि चालताना टेकायची एक काठी आली. काठी देणाऱ्याशी मी तेव्हापासून बोलत नाही. पण न्यू जर्सीहून सुट्टीला आलेल्या माझ्या नातवाने जे दिले ते पाहून जमलेली मंडळी जराशी गांगरली. जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचे तीन भरभक्कम ग्रंथ, आणि त्यांच्यावर गोल गरगरीत अंगाचा एक मुलगा. डोक्यावर वाटी पालथी ठेवून कापल्यासारखे केस, जाड भिंगांचा चष्मा, अर्धवट मिटलेले डोळे आणि तोंडात लॉलीपॉप.

"आजोबा, हा सुपरहिरो आहे," नातू म्हणाला.

"कोण? हा?"

"हो. हर्बी पॉपनेकर. तुमच्यासारखाच दिसतो ना, म्हणून आणला."

यावर आमच्या घरातून लगेच दुजोरा आला. "दुपारी जेवून उठलात की अस्से डोळे असतात तुमचे," आमची ही म्हणाली आणि पाहुण्यांना पेढे द्यायला निघून गेली. पंचाहत्तरीच्या दिवशी माणसाने किती सहन करावे याला मर्यादा नाही.

आता सुपरहिरो म्हणजे काय हे आमच्या पिढीला अगदीच ठाऊक नाही असे नव्हे. १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. वेताळाने ठोसा मारला की गुंडाच्या जबड्यावर कवटी उमटते, हे ज्ञान मी भूगोलापेक्षा कितीतरी अधिक मन लावून मिळवले होते. सुपरहिरोला रुंद छाती लागते, लोखंडी जबडा लागतो आणि शिंप्याने अंगावरच शिवल्यासारखे कपडे लागतात, इतपत मला कळत होते. या मुलाकडे त्यातले काहीही नव्हते. पोट मात्र होते, आणि ते फक्त त्याचे स्वतःचे नसून आणखी दोघातिघांचे असावे असे वाटत होते.

हा हर्बी पहिल्यांदा छापला गेला तो डिसेंबर १९५८ मध्ये, 'फॉर्बिडन वर्ल्ड्स' नावाच्या भुताखेतांच्या मासिकाच्या ७३ व्या अंकात. पुढे १९६४ साली, म्हणजे आमचा वेताळ आला त्याच वर्षी, त्याच्या नावाचा स्वतंत्र अंक निघू लागला. २३ अंक निघाले आणि १९६७ च्या सुरुवातीला तो बंद पडला. बारा सेंटचा अंक, कागद असा की दुसऱ्या वाचनात पिवळा पडावा. तिकडच्या आयांनी ते अंक पोरांच्या पलंगाखालून काढून केरात टाकले असणार, कारण आया सगळीकडे सारख्याच. मग डार्क हॉर्स नावाच्या प्रकाशनाने २००८ आणि २००९ साली हे सगळे तीन खंडांत पुन्हा छापले. असा केर एकदम ग्रंथालयात जाऊन बसला की त्याची थोरवी वाटू लागते. मी माझे सगळे इंद्रजाल अंक चौथ्या वर्षी रद्दीवाल्याला तराजूवर घालून दिले होते आणि आलेल्या पैशांची भेळ खाल्ली होती. त्या भेळेची आज किंमत काढायला बसलो तर घास घशाखाली उतरणार नाही.

तर हर्बी. या मुलाला काय येत नाही ते सांगणे सोपे पडेल. तो हवेत चालतो. उडत नाही हं. उडण्यात घाई आहे, हावरेपणा आहे. हा आपला पोट सांभाळत, रस्त्याने मंडईला निघाल्यासारखा, आकाशातून चालत जातो. जनावरांशी बोलतो. जुन्या लंबकाच्या घड्याळात बसून मागच्या शतकात जाऊन येतो. भुते, राक्षस, परग्रहावरची माणसे, अमेरिकेचे अध्यक्ष, हे सगळे त्याला नावाने ओळखतात आणि अडचण आली की त्यालाच बोलावतात. भल्या भल्या बायका त्याला पाहून घायाळ होतात. तो बोलतो मात्र तारेच्या भाषेत, एकेका शब्दाला पैसे पडत असल्यासारखा. लॉलीपॉपचा एक टोला देईन एवढे त्याने म्हटले की समोरचा अक्राळविक्राळ प्राणी चळचळ कापू लागतो. आणि जग वाचवून झाले की हा घरी येतो, आरामखुर्चीत बसतो आणि झोपी जातो.

घरी त्याचा बाप असतो. बापाला यातले काहीही माहीत नाही. समोर दिसते ते एवढेच, की आपले कार्टे दिवसभर लोळत पडते, खेळत नाही, पळत नाही, नुसते लॉलीपॉप चोखते. बाप बारीक अंगाचा, चपळ, नाना उद्योग करणारा आणि त्या सगळ्यांत तोंडघशी पडणारा. त्याच्या उचापती निस्तरण्याचे कामही पुष्कळदा हर्बीलाच करावे लागते, अर्थात बापाला पत्ता लागू न देता. आणि तो बाप गोष्टीगणिक, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर, पोराचा उद्धार करतो. त्याचे इंग्रजी शब्द इथे देत नाही. त्यांना आपल्याकडे फार सुंदर प्रतिशब्द आहे आणि तो माझ्या कानांना लहानपणापासून सवयीचा आहे: भुईला भार. मुलगा हवेतून चालतो आणि बाप त्याला भुईला भार म्हणतो, हा सगळा विनोद.

हे चित्रांत काढणारा ऑग्डेन व्हिटनी असा कोऱ्या चेहऱ्याने काढतो, की एखाद्या विमा कंपनीच्या माहितीपत्रकातली चित्रे वाटावीत. नीटनेटकी घरे, नीटनेटके कोट, नीटनेटका दिवाणखाना, आणि मधूनच खिडकीबाहेरून चालत जाणारा मुलगा. हसवतोय असे कुठेही दाखवत नाही. आमच्याकडच्या विनोदी चित्रकारांनी शिकण्यासारखे आहे. तिकडे विनोदी सुपरहिरो पूर्वीही होऊन गेले म्हणा. १९४१ साली जॅक कोल नावाच्या माणसाने रबरासारखा ताणला जाणारा प्लॅस्टिक मॅन काढला, त्याचेही असेच खंड निघालेले आहेत. नातवाने तेही दाखवले. पण त्यात धावपळ फार. वाचून मला दम लागला.

लेखकाचे नाव गोष्टीवर शेन ओ'शे असे छापलेले आहे. हा शेन ओ'शे म्हणजे कुणी नव्हताच. त्या कंपनीचे संपादक रिचर्ड ह्यूज हेच अशा अनेक नावांनी पानेच्या पाने लिहून काढत. बरे, रिचर्ड ह्यूज हेही मूळचे नाव नव्हे, ते जन्माचे लिओ रोझेनबाम. म्हणजे टोपणनावाचे टोपणनाव! १९६७ साली कंपनी बंद झाली, आणि पुढे या गृहस्थांनी एका मोठ्या दुकानात तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरे लिहायची नोकरी केली. कुणा बाईची इस्त्री बिघडली म्हणून तिने रागाने पत्र लिहायचे आणि तिला नम्र उत्तर लिहिणारा माणूस कोण, तर ज्याने आकाशातून चालणारा मुलगा निर्माण केला तो. बाईला काय माहीत.

मला वाटले होते एकदा चाळून नातवाचे मन राखू. पण त्या उन्हाळ्यात मी तिन्ही खंड वाचले आणि ज्ञानेश्वऱ्या तशाच राहिल्या. एक प्रश्न डोक्यात घुसला. हा मुलगा बापाला सांगत का नाही?

तुम्ही म्हणाल, सुपरमॅनही सांगत नाही. १९३८ पासून तो चष्मा लावून क्लार्क केंट म्हणून वावरतोच आहे की. पण सुपरमॅनचे गुपित वेगळे. तो नोकरी करतो वर्तमानपत्रात! दुपारी पराक्रम करायचा आणि संध्याकाळी त्याचीच बातमी आपणच लिहून पहिल्या पानावर द्यायची. याला गुप्तदान म्हणत नाहीत. देवळाच्या पायरीवर आपल्याच नावाची फरशी बसवून वर 'एक भक्त' असे सही करण्यातला हा प्रकार आहे. पांडवांनीही वर्षभर अज्ञातवास काढला, पण त्यांच्याकडे तारीख होती. वर्ष संपले की प्रकट व्हायचे हे ठरलेले. हर्बीला ना पोशाख, ना तारीख. नाही म्हणायला पुढे पुढे त्यालाही सुपरहिरोचा पोशाख मिळाला, तो म्हणजे पायघोळ अंतर्वस्त्र, अनवाणी पाय, आणि डोक्यावर मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप. त्यापेक्षा नसलेला बरा.

आमच्या बागेतल्या बाकावर एक निवृत्त प्राध्यापक बसतात. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे त्यांना कुठल्याही गोष्टीचे नवल वाटत नाही. त्यांना मी हर्बीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "हे प्लेटोत आहे."

"लॉलीपॉप?"

"लॉलीपॉप नाही. बाकी सगळं." मग त्यांनी समजावून सांगितले. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये, दुसऱ्या भागात, ग्लॉकॉन नावाचा तरुण सॉक्रेटिसाला अडवतो. आधी तो एका अंगठीची गोष्ट सांगतो. बोटात घालून फिरवली की माणूस अदृश्य होतो. असे झाल्यावर कोण सज्जन राहील? ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण पुढे तो आणखी एक बिकट अट घालतो. म्हणतो, खरा सज्जन कोण हे तपासायचे असेल तर त्याची कीर्ती काढून घ्या. नुसती काढून घ्या असे नाही, त्याला लोकांनी दुर्जन म्हटले पाहिजे, आणि मरेपर्यंत म्हटले पाहिजे. एवढे होऊनही तो सज्जन राहिला तर तो खरा. नाहीतर तो चांगुलपणासाठी चांगला की नावासाठी, हे कळायचे कसे?

"तुमचा हा लठ्ठ मुलगा," प्राध्यापक उठता उठता म्हणाले, "ग्लॉकॉनची परीक्षा पास झालेला एकुलता एक विद्यार्थी दिसतो."

हे ऐकून मला स्फुरण चढले. माझ्या स्वभावातला हा मोठा दोष आहे. कुठलेही तत्त्व ऐकले की ते मी घरी आणून करून पाहतो, आणि त्याचे परिणाम बायकोला भोगावे लागतात. आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या मुलीची शाळेची फी थकली होती. मी गुपचूप शाळेत गेलो, पैसे भरले आणि कारकुनाला म्हणालो, "कुणी भरले ते कळता कामा नये." माझी अपेक्षा अशी की तो चकित होईल, उभा राहील, निदान "का बरं?" म्हणेल. तो म्हणाला, "बरं. सुट्टे आहेत का?"

पहिला दिवस फार उदात्त गेला. दुसऱ्या दिवशी जेवताना मला बोलावेसे वाटू लागले. तिसऱ्या दिवशी मी पावती दिवाणखान्यातल्या टीपॉयवर चुकून ठेवली. हिने तिच्यावर गरम दुधाचे पातेले ठेवले. चौथ्या दिवशी मी पावतीवरचे दूध पुसून ती पुन्हा चुकून ठेवली, शब्द वर येतील अशी. पाचव्या दिवशी फाटकातून बाहेर पडताना पाहिले तर वॉचमन दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या शेजाऱ्यांपुढे हात जोडून उभा! "साहेब, पोरीची फी तुम्हीच भरली, मला म्हाईत हाय." आणि हे गृहस्थ, ज्यांनी गणपतीची वर्गणी आजवर दोन हप्त्यांखेरीज दिलेली नाही, मान किंचित कलती करून, डोळे मिटून म्हणतात कसे, "अरे, त्यात काय एवढं!"

मी तिथल्या तिथे, रस्त्यात, भाजीवाल्यांसकट सर्वांना सत्य काय ते मोठ्याने सांगितले. ग्लॉकॉनच्या परीक्षेत मी साडेचार दिवस टिकलो. घरी आल्यावर रात्री उशिरापर्यंत मी हिला विचारत होतो, की दुसऱ्याने केलेल्या उपकाराचे श्रेय असे सुखाने स्वतःच्या अंगावर घेणारी माणसे असतात तरी कशी? त्यांना झोप लागते कशी?

त्या दिवाळीत कराडला दादाकडे गेलो, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मिळाले. लागते. अगदी गाढ लागते. मला पंचावन्न वर्षे लागत होती.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. अंगाने भरलेला, बोलायला कमी, डोळे सदा जडावलेले. मॅट्रिकला तीनदा बसला आणि तीनदा उठला. आमचे अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. मास्तरच्या घरात नापास मुलगा म्हणजे वैद्याच्या घरात खोकला. दादा दिवसा एका किराणा दुकानात पुड्या बांधायचा, तो पगार अण्णांच्या हातात द्यायचा आणि रोज रात्री थेटरात जायचा. मध्यरात्रीनंतर घरी यायचा, सकाळी डोळे उघडायचे नाहीत. अण्णा त्याच्या अंथरुणाशी उभे राहून म्हणायचे, "कुंभकर्ण निदान युद्धाला तरी उठला. हा नुसता भुईला भार!" अण्णांचा समज असा, की हा रोज सिनेमा पाहतो. सिनेमा म्हणजे नरक असे त्यांचे मत असल्यामुळे त्या गल्लीतून ते कधी जात नसत. मला मात्र ठाऊक होते की दादा तिथे डोअरकीपर आहे. तो मला फुकट आत सोडायचा आणि म्हणून मी अण्णांना सांगत नव्हतो. डोअरकीपरला पगार असतो आणि तो जातो कुठे, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मी हुशार होतो. हुशार मुलांना पुस्तकातले प्रश्न पडतात.

१९६९ साली मी पुण्याला कॉलेजात गेलो. वसतिगृहाची फी कशीबशी भरली, पण खाणावळीचे पैसे अण्णांना झेपणारे नव्हते. मी दहाबारा ठिकाणी मदतीसाठी अर्ज केले. महिन्याभरात टाइप केलेले एक कार्ड आले, की आपली निवड झाली आहे, आणि त्यानंतर दरमहा चाळीस रुपयांची मनिऑर्डर. पाठवणार 'चिटणीस, विद्यार्थी निधी'. चार वर्षे, सुट्टीचे महिने सोडून दर महिन्याला. त्या स्कॉलरशिपने माझे आयुष्य घडवले असे मी पुढे बँकेत असताना तीन वेळा भाषणात सांगितले आहे. माझ्या मुलाला तर जेवताना रोज सांगितले. आणि अण्णांनी काय केले? ती स्कॉलरशिप हातात घेऊन दादाला बडवला. "बघ, तुझ्याच पाठचा आहे. स्कॉलरशिप मिळवतो!"

तर या दिवाळीत अण्णांचा एक जुना फोटो शोधायला म्हणून मी दादाची पत्र्याची ट्रंक उघडली. फोटो सापडला आणि त्याच्याखाली एक गठ्ठा सापडला, जुन्या लुगड्याच्या काठाच्या चिंधीने बांधलेला. मनिऑर्डर पोचली की पैसे घेणाऱ्याची सही घेऊन एक कागद पाठवणाऱ्याकडे परत जात असे, हे ज्यांनी मनिऑर्डरी केल्या आहेत त्यांना आठवेल. तसल्या त्या पोचपावत्या. मी मोजल्या. चाळीस. प्रत्येकीवर माझी सही, ऐन विशीतली, खाली दोन रेघा आणि त्यांच्यावर टिंब असलेली. आणि प्रत्येकीवर पोस्टाचा गोल शिक्का: कराड. चार वर्षे, महिन्याच्या महिन्याला, कराडचा शिक्का असलेला फॉर्म माझ्या हातात येत होता आणि मी खाली झोकात सही करत होतो. निधीचे कार्यालय माझ्याच गावात कसे, असे या स्कॉलरला एकदाही वाटले नाही. हर्बीच्या बापाला खिडकीबाहेर पाहायचे एकदा सुचत नाही म्हणून मी उन्हाळाभर हसलो होतो.

दादा झोपाळ्यावर पडला होता. मी गठ्ठा त्याच्यापुढे धरला.

"हे काय आहे?"

त्याने डोळे जरासे उघडले. "पावत्या."

"कसल्या?"

"मनिऑर्डरच्या."

"तू पाठवत होतास?"

"सही तुझीच आहे ना? मग झालं."

"आणि ते कार्ड? ते अक्षर?"

"बुकिंगक्लार्क लिहायचा. टायपिंगही यायचं त्याला." एवढे सांगून, दिवसाचे बोलणे संपल्यासारखे त्याने पुन्हा डोळे मिटले.

आता इथे मी त्याच्या पायाशी बसलो, डोळ्यांत पाणी आले वगैरे लिहिले तर चांगले दिसेल. पण खरे सांगायचे तर मला राग आला. विलक्षण राग आला. ओरडलोच मी, "अण्णांना का नाही सांगितलंस?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? अठ्ठ्याऐंशी साली गेले ते. तोपर्यंत तुला काय काय बोलत होते! शेवटच्या दुखण्यात तू त्यांचं सगळं केलंस, आणि तुझ्यादेखत ते मला म्हणाले, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे!"

"हां. म्हणाले होते खरं."

"मग?"

दादा बराच वेळ बोलला नाही. झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या करकरत होत्या. मग म्हणाला, "अण्णा त्या स्कॉलरशिपवर जगत होते रे. शाळेत, बाजारात, घाटावर, सगळीकडं सांगायचे. ती काढून घ्यायची आणि तिच्या जागी काय द्यायचं? डोअरकीपर?"

यावर मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही. परतीच्या एस.टी.त मी सारखा त्याच्याशी भांडत होतो, अर्थात मनातल्या मनात, कारण तिथे तो मधे बोलत नाही. मी म्हणत होतो: तू थोर, कबूल. पण तुझ्या थोरपणाचे पैसे कुणी भरले? अण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांना कळले असते तर ते आधी संतापले असते, मग दोन दिवस जेवले नसते, आणि मग तुझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले असते. ती नजर तू त्यांना मिळू दिली नाहीस. बापाला स्वतःचा मुलगा न ओळखताच जायला लावलेस. आणि मला? मला तू पंचावन्न वर्षे दुसऱ्या मजल्यावरचा शेजारी करून ठेवलेस, मान कलती करून 'त्यात काय एवढं' म्हणणारा. विराटाच्या दरबारात सगळी फुशारकी उत्तराच्या नावावर चालली होती, पण त्या उत्तराला निदान माहीत तरी होते की रथावर कोण लढले. सज्जनाला लोकांनी दुर्जन म्हटले तर सज्जनाचे काय होते, ते ग्लॉकॉनने अगदी चाबकाच्या फटक्यांसकट सांगितले आहे. पण ज्यांच्या हातात चाबूक दिला त्यांचे काय होते, हे सांगितले नाही. सज्जनाच्या धाकट्या भावाचे काय होते, हेही नाही. आणि ग्लॉकॉन हा स्वतः प्लेटोचा भाऊ! त्याला तरी सुचायला हवे होते.

हे सगळे बाकावरच्या प्राध्यापकांना सांगितले. ते म्हणाले, "अवघड आहे." त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकले.

दुसऱ्या बाजूने पाहावे तर माझा हा सगळा युक्तिवाद संशयास्पदच आहे. दादाने सांगितले असते तर बरे झाले असते असे कोण म्हणतो आहे? ज्याची स्कॉलरशिप शाबूत राहिली, चार भाषणे, बँकेतली बढती आणि बापाचे शेवटचे शब्द ज्याच्या पदरात पडले, तो. सगळे उपभोगून झाल्यावर हिशेब मागायला बसलेला माणूस. अण्णा असते तर माझ्या वतीने त्यांनीच उत्तर दिले असते, आणि ते दादाच्या विरुद्ध असते.

मार्चमध्ये पुन्हा गेलो. या वेळी हर्बीचा पहिला खंड बरोबर नेला. दादाचे इंग्रजी मॅट्रिकच्या तिसऱ्या खेपेला थांबले, म्हणून मी शेजारी बसून एकेक चौकट मराठीत सांगत होतो. तो काही न बोलता चित्रे पाहत होता. हर्बी हवेतून चालला, त्याने मान हलवली. हर्बीने राक्षसाला गप्प केले, त्याने पान उलटले. मग बाप आला.

"हा काय म्हणतोय?"

"भुईला भार म्हणतोय."

दादा हसला. त्याचे हसणे आधी पोटात सुरू होते आणि तोंडापर्यंत यायला त्याला वेळ लागतो. झोपाळा हलला, माझा चष्मा हलला, स्वयंपाकघरातून वहिनी काय झाले म्हणून बाहेर आल्या. डोळे पुसून झाल्यावर त्याने चित्रातल्या बाईवर बोट ठेवले.

"ही आई का?"

"हो."

"हिला माहीत असतं?"

"नाही. हिलाही माहीत नसतं."

दादाने खंड मिटून माझ्याकडे दिला. "मग तिथं लिहिणारा चुकला," तो म्हणाला आणि झोपाळ्यावर आडवा झाला.

मी पावत्या मागून घेतल्या होत्या, त्या परत ट्रंकेत ठेवायच्या म्हणून पुन्हा बांधायला बसलो. हिरव्या लुगड्याच्या काठाची ती चिंधी. आई तसल्या चिंध्यांनी पापडांचे डबे बांधायची, तिची एक गाठ असायची, ओढली की सुटणारी आणि एरवी न सुटणारी. मी तीनचार वेळा करून पाहिली, जमेना. शेवटी दादाने डोळे न उघडता हात पुढे केला आणि बांधून दिली.